लाटव्हियाचा इतिहास नव्याने वाचणाऱ्यासाठी

अरे, लाटव्हिया वाचायला घेतलास हे भारीच, पण एक सांगतो, "पक्ष फार होते म्हणून लोकशाही कोसळली" हे वाक्य लगेच मान्य करू नकोस. १९२२च्या राज्यघटनेनुसार सायमात म्हणजे संसदेत १०० जागा, प्रमाणशीर पद्धत (म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा), त्यामुळे छोटे छोटे पक्ष भरपूर आले आणि सरकारं सारखी बदलत राहिली, हे खरंय. पण संसद आपोआप पडली नाही, ती पाडली, आणि पाडणारा बाहेरचा कोणी नव्हता, खुद्द पंतप्रधान कार्लिस उलमानिस, १९१८ मध्ये देशाचा पहिला पंतप्रधान झालेला माणूस!

म्हणून आधी १५-१६ मे १९३४ ची रात्र नीट वाच. सैन्य आणि 'आइझसार्गी' हे निमलष्करी दल राजधानी रीगात उतरलं, आणीबाणी लागली, सायमा बंद, पक्ष बंद, समाजवादी नेते अटकेत. रक्तपात झाला नाही, आणि लोक इथेच फसतात, "शांतपणे झालं म्हणजे फार वाईट नसावं" असं वाटतं. तसं नाही. राष्ट्राध्यक्ष क्विएसिस पदावर तसेच राहिले, १९३६ मध्ये त्यांची मुदत संपली तेव्हा निवडणूक न घेता उलमानिसने तेही पद घेतलं. मला हा भाग सगळ्यात जास्त टोचतो. संसद म्हणजे सरकारला जाब विचारायची जागा, ती सहा वर्षं बंदच, आणि जून १९४० ला सोव्हिएत फौजा आत आल्या तेव्हा प्रतिकार करायचा की नाही हा निर्णय एकट्या उलमानिसच्या हातात होता.

मग शेजारच्या एस्टोनियात मार्च १९३४ मध्ये झालेला असाच सत्तापालट सोबत ठेवून वाच, बरंच उलगडेल.