ढेकरावरचा टॅक्स आणि तुझा प्रोजेक्ट

अगं पोरी,

तुझा मेल दोनदा वाचला. शेतीतून निघणाऱ्या, हवा तापवणाऱ्या वायूंवर टॅक्स लावणं न्याय्य आहे का यावर तुला लिहायचंय आणि तू आधीच ठरवून बसलीयस की हा शेतकऱ्यावर सरळसरळ अन्याय आहे. घरी चार म्हशी असलेली पोरगी दुसरं काय म्हणणार म्हणा! पण मी इथं न्यूझीलंडमध्ये, वायकाटोत, जनावरांचा डॉक्टर म्हणून एवढी वर्षं गायींच्या मागं फिरतोय, तर माझं जरा ऐकून घे, मग काय लिहायचं ते लिही.

२००३ ला इथल्या सरकारनं संशोधनाच्या खर्चासाठी जनावरांवर एक बारकीशी लेव्ही सुचवली. लोकांनी तिचं नाव पाडलं 'पादण्यावरचा टॅक्स', शेन आर्डर्न नावाचे खासदार ट्रॅक्टर घेऊन थेट पार्लमेंटच्या पायऱ्या चढले, आणि लेव्ही गेली बासनात. (हवा तापवणारा गायीचा वायू म्हणजे मिथेन, आणि तो बहुतेक सगळा तोंडातून येतो, रवंथ करताना, ढेकरातून. हे नीट लिही, नाहीतर गोठ्यातला कुणीही तुला हसेल.) पुढं २०२२ ला जॅसिंडा आर्डर्न यांच्या सरकारनं, आडनाव तेच पण पक्ष समोरचा, २०२५ पासून शेतीच्या उत्सर्जनाला किंमत लावायचा प्रस्ताव आणला. परत ट्रॅक्टर रस्त्यावर. मग सरकार बदललं, २०२४ मध्ये शेतीला कार्बन ट्रेडिंगच्या कायद्यातूनच (जेवढं उत्सर्जन तेवढे परवाने विकत घ्यायला लावणारा कायदा) बाहेर काढायचं ठरलं, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात मिथेनवर टॅक्स नाही म्हणजे नाही असं जाहीर झालं, वर २०५० चं टार्गेटही खाली आणलं, आधी २४ ते ४७ टक्के कपात होती ती आता १४ ते २४. मधल्या काळात शेतकरी संघटना, माओरी (इथले मूळ रहिवासी) आणि सरकार यांनी मिळून तोडगा काढायचा म्हणून जे काम चालू होतं त्याचं नाव होतं 'हे वाका एके नोआ', माओरी म्हण आहे, आपण सगळे एकाच होडीत. ती होडी काही किनाऱ्याला लागली नाही.

आता मला सांग, ही सूट न्याय्य का? या देशाच्या एकूण उत्सर्जनातला निम्म्याच्या आसपास वाटा शेतीचा. ऑकलंडचा टॅक्सीवाला २०१० पासून पेट्रोलमध्ये कार्बनचा खर्च भरतोय आणि शेती शून्य. टॅक्सीवाला काय गडगंज आहे का? म्हणून 'शेतकऱ्यावर अन्याय' एवढंच लिहून थांबलीस तर मी तुला पास करणार नाही.

पण दुसरी बाजू मी डोळ्यांनी बघितलीय. २०२२ च्या त्या प्रस्तावाच्या दिवसातच एका गोठ्यावर होतो, पहाटेचं मिल्किंग उरकलेलं, मालक गमबूट घालूनच बाकावर बसलेला, हातात चहा आणि मांडीवर उत्सर्जनाच्या हिशोबाचा कागद. गायी किती, दूध किती, युरिया किती, आणि खाली एक आकडा. त्यानं कुरणात नेहमीच्या राईग्रास गवताबरोबर प्लांटेन (चाऱ्याची एक पानांची वनस्पती, केळं नव्हे) पेरलं होतं, मुतातनं जाणारा नायट्रोजन कमी व्हावा म्हणून, त्याला कागदावर चौकटच नाही. ओढ्याच्या काठानं स्वतःच्या खर्चानं झाडं लावलेली, पण कार्बन योजनेत मोजायला पट्टा सरासरी ३० मीटर रुंद लागतो, याचा आठ-दहा मीटर. तो एवढंच म्हणाला, डॉक्टर, यातलं मी बदलू शकतो असं काय आहे, गायी विकण्याशिवाय? मला उत्तर देता आलं नाही. गायीच्या तोंडाला कुणी मीटर लावत नाही गं, सगळा फॉर्म्युल्याचा खेळ, आणि फॉर्म्युल्यात तुझी मेहनत दिसत नसेल तर तो टॅक्स नाही, नुसता दंड झाला.

म्हणून डेन्मार्क नीट वाच. तिथं २०२४ ला सरकार, शेतकरी संघटना, निसर्गवाले, कामगार युनियन, सगळ्यांना एका टेबलावर बसवून करार केला. २०३० पासून टनभर उत्सर्जनाला ३०० क्रोनर (तिथलं चलन), २०३५ ला ७५०. पण त्या-त्या जातीच्या जनावराच्या सरासरी उत्सर्जनाच्या ६० टक्के भाग माफ. म्हणजे सुरुवातीला सरासरी शेतकऱ्याला टनामागं पडतात १२०, आणि जो सरासरीपेक्षा बराच खाली आणेल त्याला जवळपास काहीच नाही. सुरुवातीच्या वर्षांचा पैसाही परत शेतीतच जाणार. मला हे पटतं. ज्यानं काही केलं त्याला ते बिलात दिसतं.

पण हेच उचलून इथं चिकटवता येणार नाही. तिकडं गायी बऱ्याचशा शेडमध्ये, मिथेन कमी करणारी पावडर खाद्यात मिसळली की झालं. इथं गाय दिवसरात्र कुरणात, तिला चमचा कोण भरवणार? दर एक, पण सुटायची वाट एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही.

आणि आपल्याकडचं म्हणशील तर १९९१ सालीच अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण या पर्यावरण अभ्यासकांनी हा भेद मांडला होता, पोट भरण्यासाठीचं उत्सर्जन वेगळं आणि चैनीचं वेगळं. २०२१ च्या ग्लासगोच्या मिथेन करारावर भारतानं सही केली नाही त्यामागंही मुख्य कारण हेच, आपली शेती आणि जनावरं. दोन म्हशींवर पोरांच्या फिया भरणाऱ्या बाईला आणि हजार गायींच्या कंपनीला एका मापानं मोजणार असाल तर मीच ट्रॅक्टर काढीन. पण मोठ्या डेअरीवाल्यानं त्या बाईच्या पदराआड लपावं हेही मला चालत नाही, आणि लपतात, बघ तू.

तर आधी एक काम कर. शनिवारी घरी जाशील तेव्हा आजोबांच्या म्हशींचा हिशोब मांड, वैरण काय, पेंड किती, दूध किती, शेणाचं काय होतं. मग आजोबांना विचार, यातलं पैसा न घालता काय बदलता येईल आणि पैसा मिळाला तर काय. ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दात मला पाठव, मी इथल्या गोठ्याचा कागद नाव-गाव खोडून तुला पाठवतो, दोन्ही शेजारी ठेवून फोनवर बोलू. आणि सकाळच्या धारेच्या वेळी विचारू नकोस, ओरडतील.

तुझा,
डॉक्टरकाका