मोठ्या संशोधन प्रकल्पांच्या प्रमुखांची बैठक पहिल्यांदा भरवतोयस, तर

आधी तारीख पक्की कर. एकेका प्रमुखाच्या मागे तीन-चार विद्यापीठांचे गट असतात. सहा महिने आधी विचारलं नाहीस, तर ते स्वतः न येता दुसऱ्याला पाठवतील, आणि पाठवलेल्या माणसाला शब्द देता येत नाही.

संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनची 'एक्स्पेडिशन्स इन कॉम्प्युटिंग' योजना बघ. २००८ मध्ये पहिले चार प्रकल्प निवडले, प्रत्येकी पाच वर्षांत एक कोटी डॉलरपर्यंत. त्यात कॅलटेक विद्यापीठाचा प्रकल्प रेणूंना प्रोग्रॅम करण्याचा, तर कॉर्नेल विद्यापीठाचा पर्यावरण आणि शाश्वत विकासासाठी संगणनाचा. विषय इतके लांबचे, की नुसती निकालांची भाषणं ठेवलीस तर अर्ध्या लोकांचे लॅपटॉप उघडतात. अडचणी मात्र सगळ्यांच्या सारख्याच: निधी संपल्यावर सॉफ्टवेअर कोण सांभाळणार, पोस्टडॉक (पीएचडीनंतर काही वर्षांसाठी नेमलेले संशोधक) टिकवायचे कसे, दूरच्या गटांची मोट बांधून ठेवायची कशी. म्हणून स्लाइड्सना प्रत्येकी दहाच मिनिटं दे. मग गोल टेबलं, एका टेबलाला आठ जण. नव्या प्रकल्पाच्या प्रमुखाशेजारी मुदत संपत आलेल्या प्रकल्पाचा प्रमुख बसव. हे काम मी कुणावर सोपवत नाही. आदल्या संध्याकाळी नावांच्या पाट्या घेऊन स्वतः टेबलांवर मांडते.

निधी देणाऱ्या अधिकाऱ्यांना जरूर बोलाव, पण एक सत्र त्यांच्याविना ठेव आणि ते त्यांना आधीच सांग. काय फसलं, हे लोक तिथेच मोकळेपणाने बोलतात. टिपणं घेणारा विषयातला हवा, आणि ती आठवड्याभरात सगळ्यांना गेली पाहिजेत.