पाझर तलावात शिंपले ढीगभर, खालच्या ओढ्यात एकही नाही, असं का?

तुम्ही सांगता ते तलावातले शिंपले असे: तळहाताएवढे, लांबट, काळपट-तपकिरी, कडेला पिवळसर झाक. वर्णनावरून हा लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस, म्हणजे गोड्या पाण्यातल्या शिंपल्याची एक जात, वाटतो. भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका इथल्या तळ्यांत आणि संथ नद्यांत तो सर्रास सापडतो. पण सगळं पाणी त्याला चालत नाही. त्याला मऊ गाळ लागतो. पुढचं टोक गाळात रुतवून तो बसतो, मागचं तेवढं वर ठेवतो आणि तिथूनच पाणी आत-बाहेर करतो. ओढ्याचा तळ म्हणजे कातळ नि गोटे, शिवाय पावसाळ्यातला लोंढा. तिथे पाय रोवायचा कुठे? ओढ्यातच बघायचं तर डोहात किंवा बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळात बघा. वाळू-खडीच्या वाहत्या पाण्यात पॅरेसिया हा दुसरा शिंपला जास्त मिळतो: आखूड, जाड, चोचीजवळ (बिजागरीपाशी वर आलेला फुगीर भाग) नागमोडी रेघा.

दुसरी गोष्ट मासे. याची पिल्लं काही दिवस माशांच्या कल्ल्यांना, परांना चिकटून राहतात आणि मग तळाशी गळून पडतात. म्हणजे माशांची ये-जा बंद झाली की जुने शिंपले दिसत राहतात, पण नवे येत नाहीत. म्हणून नुसती संख्या मोजू नका, २-३ सेंमीचे लहान सापडतात का ते पाहा.

मोजणी उन्हाळ्यात, पाणी गुडघ्याएवढं उतरल्यावर. पाइपची १ मीटर बाय १ मीटरची चौकट दहा जागी टाका, आतला १० सेंमी गाळ हाताने चाचपा आणि मग चाळणीतून धुवा. नुसत्या हाताला लहान शिंपले लागत नाहीत, सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

काठावरच्या रिकाम्या शिंपल्यांवरून नोंद करू नका, ते वर्षानुवर्षं टिकतात. दोन्ही झडपा (शिंपल्याचे दोन अर्धे भाग) जोडलेल्या आणि आत मोत्याची चकाकी असेल तर शिंपला अलीकडेच मेला. खडूसारखा पांढरा पडला असेल तर जुना. जवळपास कुणी मोतीशेती करत असेल तर तेही विचारा, कारण त्यासाठी शिंपले लांबून आणतात.

खात्रीसाठी रिकाम्या शिंपल्याच्या आतल्या बिजागरीचा फोटो पट्टी ठेवून काढा. दात पातळ, पात्यासारखे असतील तर लॅमेलिडेन्स. जाड, खडबडीत असतील तर पॅरेसिया. नुसत्या बाहेरच्या आकारावरून जात ठरवणं धोक्याचं, कारण जागेनुसार तो बदलतो. मोजून झालेले जिवंत शिंपले तिथेच सोडा, चोचीकडचं गोल टोक गाळात खाली.