हळकुंड मोडून बघ

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मराठी साहित्य सोडवत नाही, आणि बाबांची मार्केट यार्डातली अडतही पुढे तुलाच बघायचीय. म्हणून पुण्यातल्या खाजगी विद्यापीठाची ‘कला आणि व्यवसाय’ अशी जोडपदवी. पत्रासोबत माहितीपत्रकाचं पान जोडलंयस, त्यावर इमारतीचा फोटो आहे. अभ्यासक्रमाचा तक्ता कुठाय?

सांगलीच्या सौद्यात पोतं बघून कुणी बोली लावतं का? हळकुंड मोडतात, आतला रंग बघतात. पदवीचं नाव म्हणजे नुसतं पोतं.

सहाही सेमिस्टरचा तक्ता मागव. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट आहेत. मुख्य विषयाला ६०, दुय्यमला २४. म्हणजे ९०० तास आणि ३६० तास. आता जोडपदवीतल्या मराठीची बेरीज कर, मग हिशेबाच्या विषयांची. दोन्हीकडे तीस-तीसच निघाले तर कुठलाच विषय मुख्य नाही, दोन दुय्यम एकत्र बांधलेत. तिसऱ्या वर्षीही ‘साहित्याची ओळख’ आणि ‘व्यवस्थापनाची ओळख’ असेच पेपर असतील तर फाईल मिटव. अकाउंटन्सी, कॉस्टिंग, व्यापारी कायदा, टॅक्सेशन मोज. ‘नेतृत्वगुण’ मोजू नकोस. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकल्या मालाचा हिशेब, करताना हमाली-तोलाई वजा करायला नेतृत्व लागत नाही.

तिघांनी ‘कॉम्बिनेशन भारी आहे’ म्हणून सांगितलं म्हणतेस. तिघांपैकी तक्ता कुणी बघितला?

नावं तर बदलतातही. २०२४-२५ पासून बीबीए एआयसीटीईकडे, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेकडे गेलं, राज्यात त्याला सीईटी ही प्रवेश परीक्षा आली, आणि काही कॉलेजांनी तोच माल बी.कॉम. ऑनर्सच्या पोत्यात भरला. म्हणून म्हणतो, मोडून बघ.

घरी राहून करायचं तर सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात मराठीत बी.ए. कर. दुय्यम म्हणून वाणिज्य मिळतं का ते प्रवेशाआधी विचार, आणि मिळतं म्हणाले तर वेळापत्रक बघायला माग. कागदावर असलेली जोडी तासांत बसतेच असं नाही. नाही मिळालं तर यूजीसीने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिलीय. बी.ए. कॉलेजात आणि बी.कॉम. मुक्त विद्यापीठातून जमतं. घोटाळा होतो तो परीक्षांत. दोन्हीकडचे पेपर एकाच दिवशी आले तर तुझ्यासाठी कुणी तारीख हलवणार नाही. मागच्या दोन वर्षांची दोन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवून बघ. मला विचारशील तर हाच रस्ता बरा. कष्ट जास्त, पण दोन्ही विषय पूर्ण होतात.

सीए मनात असेल तर फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट पुढच्या इंटरमिजिएटला बसायला वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के लागतात, इतरांना ६०. जोडपदवी कशात धरतात, ते आधी लेखी घे. तोंडी उत्तर चालणार नाही.

मी हट्टी वाटेन. वाटू दे. यामागे माझी स्वतःची चुटपुट आहे, ती उगाळत बसत नाही. पण तुला गोड बोलून पाठवलं तर उद्या तूच विचारशील.

तक्ता आला की मराठीच्या पेपरांवर निळी खूण कर, हिशेबाच्या पेपरांवर लाल, खाली दोन्ही बेरजा लिही आणि मला पाठव. इमारतीचा फोटो नको.

तुझा,
काका