आय.ई. की ई.जी.? आणि त्या चुका दिसत का नाहीत

प्रश्न असा आलाय की इंग्रजीत मेल किंवा रिपोर्ट लिहिताना आय.ई. आणि ई.जी. यांत नेमका फरक काय, ई.जी.ने सुरू केलेल्या यादीच्या शेवटी इटीसी चालतं का, आणि दोन-तीनदा वाचूनही असल्या चुका नजरेतून कशा सुटतात.

पहिल्याचं उत्तर मराठीत तयारच आहे. आय.ई. म्हणजे आपलं "म्हणजेच" आणि ई.जी. म्हणजे आपलं "उदा.", बस. दोन्ही लॅटिन आहेत, इद एस्त म्हणजे "ते आहे" आणि एक्झेम्प्ली ग्रातिया म्हणजे "उदाहरणादाखल", पण लॅटिन विसरलात तरी काही अडत नाही, वाक्यात त्या जागी मनातल्या मनात आधी "म्हणजेच" म्हणून बघायचं, मग "उदाहरणार्थ" म्हणून बघायचं, जे बसेल ते लिहायचं. समजा सूचना आहे की ओळखीचा पुरावा आणा, आय.ई. पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स. आता याचा अर्थ या दोनपैकीच एक हवं, तिसरं काही चालणार नाही. तिथंच ई.जी. लिहिलं की ही नुसती नमुन्याची दोन नावं झाली, दुसरा पुरावाही चालेल. दोन अक्षरांत अख्खा नियम फिरला. म्हणून ही चूक मला किरकोळ वाटत नाही, कारण वाचणारा त्या अक्षरांवर विसंबूनच ठरवतो की काय घेऊन जायचं.

इटीसीचं म्हणाल तर ई.जी. असताना ते नको. एट सेटेरा म्हणजे "आणि बाकीचं", आणि ही पूर्ण यादी नाही हे ई.जी.ने आधीच सांगून झालेलं असतं. आपल्याकडून हे होतं कारण मराठीत "उदा. पेन, पेन्सिल वगैरे" बिनदिक्कत चालतं, कुणालाच खटकत नाही, तीच सवय इंग्रजीत जाते. "अँड इटीसी" पण तसंच, एट म्हणजेच "आणि", त्यामुळे ते "आणि आणि बाकीचं" होतं. अजून एक, बरेच जण त्याचा उच्चार एक्सेट्रा करतात आणि मग तोच क बोटांत उतरून स्पेलिंग इ-सी-टी असं उलटं पडतं. उच्चार सुधारला की स्पेलिंग आपोआप सुधारतं हा माझा अनुभव आहे. माणसांच्या यादीला मात्र इटीसी नाही लावत, तिथं एट अल., "आणि इतर मंडळी", आणि त्यात टिंब फक्त अलनंतर, कारण एट हा पूर्ण शब्दच आहे, त्याचं काही कापलेलं नाही.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो. संक्षेपाआधी अ लावायचं की ॲन, इथं भलेभले अडखळतात, कारण शाळेत व्हॉवेलचा नियम पाठ केलेला असतो आणि डोळे स्पेलिंगवर असतात. नियम स्पेलिंगचा नाहीच, उच्चाराचा आहे. आणि आपल्या हातात देवनागरी आहे! संक्षेप देवनागरीत लिहून बघा: एमपी, एलएलबी, एसएमएस, एक्सरे, एफएम. सुरुवातीला स्वर दिसतोय ना, मग ॲन. यूएन, यूएसबी, यूके: सुरुवातीला य, व्यंजन, मग अ. रोमन लिपीत यू हा व्हॉवेल दिसतो म्हणून फसायला होतं, देवनागरीत फसायचा प्रश्नच येत नाही. नासा अक्षर-अक्षर न वाचता शब्दासारखं वाचतात म्हणून अ नासा सायंटिस्ट, पण एनबीए अक्षरांनी वाचतात म्हणून ॲन एनबीए प्लेयर, दोन्हींची सुरुवात एकाच रोमन अक्षराने असूनही. संक्षेप सोडून इतर शब्दांनाही हेच लागू पडतं, अवर ला ॲन आणि युरोपियन ला अ.

पिन नंबर, एटीएम मशीन, एचआयव्ही व्हायरस यांत शेवटचा शब्द संक्षेपाच्या आतच बसलेला आहे, त्यामुळे तो दोनदा येतो. बोलताना पिन नंबरला माझी हरकत नाही, कारण नुसत्या पिनचा अर्थ टाचणीही होतो, पण औपचारिक मजकुरात काढून टाका. अनेकवचनाला ॲपॉस्ट्रॉफी नको, नुसता एस पुरे. किलोग्रॅम, किलोमीटरच्या खुणांना तर एस पण नको आणि टिंबही नको.

काही ठिकाणी संक्षेपाची चूक जिवावर बेतू शकते. इन्सुलिनच्या डोसपुढे युनिटसाठी नुसतं यू हे अक्षर हाताने लिहिलं तर ते शून्यासारखं वाचलं जातं, 10 चे 100 होतात. तसंच 1.0 मधलं टिंब पुसट असलं की तेही 10 दिसतं. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने 2004 साली "वापरू नका" अशी यादीच काढली, त्यात हे दोन्ही आहेत, पूर्ण युनिट असा शब्द लिहा आणि पूर्णांकानंतर टिंब देऊन शून्य लिहू नका म्हणून.

मग वाचूनही चुका का सुटतात? कारण लांब शब्द आपण वाचतो आणि संक्षेप नुसता बघतो, डोळ्याला तो एक आकार वाटतो आणि नजर पुढे सरकते. मशीनवरही भिस्त ठेवू नका, वर्डमध्ये मूळ सेटिंगच असं असतं की पूर्ण कॅपिटल अक्षरांतला शब्द स्पेलिंग तपासणीतून वगळला जातो, त्यामुळे संस्थेच्या संक्षेपात दोन अक्षरं उलटसुलट झाली तरी लाल रेघ येत नाही. एकदा माझ्याकडे तपासायला आलेल्या चाळीसेक पानी रिपोर्टात मुख्य समितीचंच नाव दोन ठिकाणी असं उलटं होतं आणि माझ्याआधी तो तिघांनी वाचलेला होता.

तेव्हापासून मी एक फेरी फक्त संक्षेपांसाठी करतो, त्या फेरीत बाकी काहीच बघत नाही. प्रत्येक संक्षेप तोंडाने पूर्ण उलगडून वाचायचा. "उदाहरणार्थ अमुक, तमुक आणि बाकीचं" असं कानावर पडलं की इटीसी आपोआप खटकतं, एटीएममधला एम मशीन म्हणून उच्चारला की पुढचं मशीन लगेच जास्तीचं वाटतं. फक्त अ आणि ॲनसाठी मात्र संक्षेप जसा बोलतात तसाच वाचायचा, उलगडायचा नाही. शेजारी कागद ठेवून प्रत्येक नवा संक्षेप आणि त्याचं पूर्ण रूप कुठल्या पानावर दिलंय ते लिहीत जायचं, मग फाइंडमध्ये टाकून तो एकेक शोधायचा. यात हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे लिहिताना पूर्ण रूप पहिल्यांदा बरोबरच दिलेलं असतं, पण नंतर परिच्छेद वरखाली केले की पूर्ण रूप जातं सातव्या पानावर आणि नुसता संक्षेप येतो दुसऱ्यावर. जो संक्षेप अख्ख्या मजकुरात दोनदाच येतो तो मी काढूनच टाकतो, पूर्ण शब्द लिहितो.

टिंबांबद्दल थोडं. मिस्टर आणि डॉक्टरच्या संक्षेपाला अमेरिकन पद्धतीत टिंब देतात, ब्रिटिश पद्धतीत बहुतेक देत नाहीत, कारण शब्दाचं शेवटचं अक्षर तिथं शिल्लक असतं, पण प्रोफेसरचं शेपूट कापलेलं असतं म्हणून प्रोफ.ला टिंब. दोन्ही बरोबर, एक धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. आणि वाक्य इटीसीवर संपत असेल तर तेच टिंब पूर्णविरामाचंही काम करतं, दुसरं देऊ नका, प्रश्न असेल तर मात्र त्या टिंबापुढे प्रश्नचिन्ह येतंच.