बी-12 कमी, पण हिमोग्लोबिन तर छान!

प्रश्न : डॉक्टर, माझं वय 58. आम्ही पक्के शाकाहारी, घरात अंडंसुद्धा येत नाही. मधुमेहासाठी नऊ वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे. अलीकडे तळव्यांना सारख्या मुंग्या येतात. चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झोक जातो, बेसिन धरावं लागतं. तपासणीत बी-12 आलं 148, हिमोग्लोबिन मात्र 12.8. मुलगा म्हणतो, मुंग्या साखरेमुळेच. शेजारच्या वहिनी म्हणतात, इंजेक्शनची सवय लागते, त्यापेक्षा शेवग्याचा पाला आणि मोड आलेले मूग खा. सूनबाईला तिसरा महिना आहे, ती फोलिक ॲसिड घेते. तिलाही बी-12 लागेल का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बेसिनची. पाय कुठे टेकलाय ही खबर मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने मेंदूकडे जाते. बी-12 वर्षानुवर्षं कमी पडलं की तिथल्या तंतूंवरचं आवरण खराब होतं. डोळे उघडे असेपर्यंत नजर सांभाळून घेते. मिटले की तोल जातो. मधुमेहानेही नसा बिघडतात, तेव्हा चिरंजीवांचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही. पण दोन्ही कारणं एकाच पायात असू शकतात, आणि त्यातलं बी-12 भरून काढता येतं. 200 च्या खालचा आकडा आणि ही लक्षणं एकत्र असताना थांबायचं कशाला?

हिमोग्लोबिन बघून निर्धास्त होणारे माझ्याकडे रोज येतात. रक्त तयार व्हायला बी-12 आणि फोलेट (फोलिक ॲसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) दोन्ही लागतात. आपल्या पालेभाज्या-डाळींत फोलेट भरपूर, त्यामुळे रक्ताची बाजू बरेच दिवस सावरलेली राहते. नसांचं नुकसान फोलेटने थांबत नाही. ते मागच्या दाराने चालूच असतं.

वहिनींचा शेवगा आणि मूग जरूर खा, पण बी-12 साठी नाही. वनस्पती ते बनवतच नाहीत. ते जिवाणू बनवतात आणि आपल्यापर्यंत दूध, अंडी, मांस, मासळीतून पोचतं. रोजची गरज दोन मायक्रोग्रॅमच्या थोडी वर. 100 मिली दुधात मिळतं साधारण 0.4 ते 0.5. चहातल्या दुधाला मी दूध म्हणत नाही. त्यात मेटफॉर्मिनमुळे शोषण घटतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून इतकी वर्षं काही जाणवलं नाही. ॲसिडिटीची गोळी रोज घेता का? तिनेही भर पडते, आणि आपल्याकडे तिला कुणी औषधात धरतच नाही.

मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका, ते चांगलं औषध आहे. इंजेक्शनची सवय लागायला ती काही मशेरी नव्हे. तोल जाण्यापर्यंत मजल गेली असेल तर सुरुवात इंजेक्शनांनीच बरी. पुढे गोळी चालते. 1000 मायक्रोग्रॅमच्या गोळीतला जेमतेम एक टक्का आपसूक आत शिरतो, पण तेवढे 10 मायक्रोग्रॅमही गरजेच्या कितीतरी पट होतात. मुंग्या ओसरायला महिने लागतात. जुनं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही, म्हणून याच आठवड्यात डॉक्टरांना पाय दाखवा. तोवर अनवाणी फिरू नका.

आता सूनबाई. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि पुढे त्यांची मुलं तपासली. निम्म्याहून जास्त आयांचं बी-12 कमी होतं. ज्यांचं फोलेट चढं आणि बी-12 कमी, त्यांची मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देणारी निघाली. हे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरून ती मुलं मधुमेही होणारच असं ठरत नाही. पण मधुमेहाच्या घरात तरी हे कानाआड करू नये.

तिचं फोलिक ॲसिड मुळीच थांबवू नका, बाळाच्या मज्जारज्जूसाठी ते हवंच. पुढच्या तपासणीत तिचं बी-12 बघायला सांगा. रक्त मात्र बी-12 ची गोळी सुरू करण्याआधी द्यायचं, नाहीतर आकडा फुगलेला येतो.