मुलांचं स्पॅनिश माझ्यापेक्षा चांगलं, मग मी तिथे करू काय?

कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न दर सत्रात कानावर येतोच. स्पॅनिश शिकणारे विद्यार्थी आठवड्यातून एकदा जवळच्या प्राथमिक शाळेत स्वयंसेवक म्हणून जातात. तिथली बरीच मुलं घरी स्पॅनिश बोलतात, वर्गात इंग्रजी. सुरुवातीचा उत्साह ओसरला की दांड्या सुरू होतात आणि मग कुणीतरी माझ्यासमोर येऊन बसतं.

केतकी (नाव आणि तपशील बदलले आहेत) तशीच आली. फ्रीमाँटला वाढलेली, आईवडील नाशिकचे. तिच्याकडे दुसरीतला एक मुलगा सोपवला होता.

"मी स्पॅनिशमध्ये विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो. माझं बोलणं त्याला नकोच असतं."

"असं तो म्हणाला?"

"म्हणायला कशाला हवं? परवा गणित घेताना मी 'ला प्रोब्लेमा' म्हटलं. तो ओरडला, 'एल प्रोब्लेमा!' शब्द पुल्लिंगी आहे, मी स्त्रीलिंगी केला. सगळं टेबल हसलं. मला भाषा नीट यायलाच हवी, नाहीतर तिथे जाऊन काय उपयोग?"

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने जाणारी. माणसं इच्छेचा हट्ट करतात आणि निम्मी दुःखं तिथून उगवतात, हे माझं जुनं मत. "चांगलं बोलता यावं ही इच्छा राहू दे," मी म्हटलं, "पण अचूक येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा नियम कुणी केला?" तिला ते पटलं, पण डोक्यात. पोटातली धाकधूक तशीच होती. त्या धाकधुकीभोवती आम्ही बरंच फिरलो.

मग एकदा मी विचारलं, "हसून झाल्यावर त्याने काय केलं?"

हा भाग तिने कधी सांगितलाच नव्हता. ती आठवू लागली. "खुर्ची पुढे ओढली. माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि ती वजाबाकी मला समजावली. हातच्यासकट."

"कुठल्या भाषेत?"

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "स्पॅनिशमध्ये. सगळी."

असे क्षण मिळतात म्हणून मी या कामात आहे. त्या मुलाला इंग्रजीच्या जादा तासासाठी रोज वर्गातून बाहेर नेतात. दिवसभर त्याच्या चुका निघतात. एका मोठ्या माणसापेक्षा आपल्याला जास्त येतं, हे त्याला त्या टेबलावर कळलं. लाजिरवाणी घटना आठवली की आपण लाजेपाशीच थांबतो, मी मात्र "त्यानंतर काय झालं?" हे विचारल्याशिवाय राहत नाही. उत्तर बहुतेकदा तिथेच असतं.

इंग्रजी उत्तरांचा गुंता लवकर सुटला. "नाशिकच्या आजीशी फोनवर कुठल्या भाषेत बोलतेस?" "इंग्रजी... पण मला सगळं कळतं हं!" आणि तिला हसू आलं.

थोडी पार्श्वभूमीही सांगायला हवी. 1998च्या प्रपोझिशन 227मुळे (प्रपोझिशन म्हणजे मतदारांच्या थेट कौलाने होणारा कायदा) कॅलिफोर्नियातल्या सरकारी शाळांत शिकवणं जवळपास इंग्रजीतच होऊ लागलं. त्यातली बरीचशी बंधनं 2016च्या प्रपोझिशन 58ने हटली. कायदा बदलला, तरी घराघरांतली भीती इतक्या लवकर जात नाही. आपल्याकडचेही आईबाप मला विचारतात, दोन भाषांनी मूल गोंधळेल का? नाही गोंधळत. एकाच वाक्यात दोन्ही भाषा आल्या तरी तो गोंधळ नसतो, घरातली मोठी माणसंही तशीच बोलत असतात.

तेव्हा स्वयंसेवकांनो, मुलाला हवं त्या भाषेत उत्तर देऊ द्या. "एन एस्पान्योल!" (स्पॅनिशमध्ये!) म्हणून दटावू नका. तुमच्या सरावासाठी त्याला राबवू नका, तो तुमचा फुकटचा शिक्षक नाही. गोष्ट वाचताना अडलात तर त्याला विचारा, पण मुद्दाम चुकू नका. मुलांना नाटक लगेच कळतं. शक्य झालं तर दोन्ही भाषांतलं एखादं पुस्तक न्या, आणि काय न्यायचं ते वर्गशिक्षिकेला आधी विचारा.

आणि दांडी मारू नका. तुमचं स्पॅनिश कसं आहे यापेक्षा तुम्ही ठरल्या दिवशी येता का, याकडे त्या मुलांचं जास्त लक्ष असतं. सत्र संपताना अचानक नाहीसे होऊ नका, शेवटचा दिवस कधी ते दोन आठवडे आधी सांगा. केतकीने सांगितलं, तेव्हा त्या मुलाने "मग पुढच्या वर्षी कोण येणार?" असं विचारलं. स्पॅनिशमध्ये.